एकवीस दिवसांचा स्लॅब

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कुपवाडमध्ये बांधल्या जात असलेल्या हळदीच्या शीतगृहाचा अर्धा स्लॅब कोसळला. धुळा मिस्त्री आणि त्याचे दोन साथीदार खालचे टेकू काढत होते. उरलेला अर्धा स्लॅब अजून वरच होता. ढिगाऱ्यातून धुळाचा आवाज येत होता.

रुक्सार मुजावर साइट ऑफिसच्या दारात उभी होती. कामाच्या प्रगतीचा आलेख तीच ठेवायची. त्यात एस अक्षरासारख्या वळणाच्या दोन रेषा होत्या. ठरलेल्या कामाची निळी आणि झालेल्या कामाची तांबडी. तांबडी नऊ दिवस मागे पडली होती.

"सोमवारी मालक येतायत," व्यवस्थापक देवदत्त शनिवारी म्हणाले होते. "तांबडी वर घ्या, मॅडम. त्यांना मान खाली घालून बघायची सवय नाही."

रुक्सारनं स्लॅब ओतल्याची तारीख नऊ दिवस आधीची टाकली. रेषा जुळल्या. मालक समाधानानं परत गेले.

स्लॅब ओतला तेव्हा धुळाची टोळी इथं नव्हती. साचा उभा करून ती नागपंचमीला गावी शिराळ्याला गेली आणि भातातलं तण काढायची भांगलण उरकून काल परतली. काँक्रीट पक्कं झाल्यावर, एकवीस दिवसांनीच टेकू काढायचे, हा धुळाचा नेम. आज सकाळी तो आलेखासमोर थांबला.

"मॅडम, किती दिस झालं स्लॅबला? आमी न्हवतो."

"एकवीस. समोर लिहिलंय की," देवदत्त म्हणाले. "का पंचांग आणू? उरक आता, लय सुट्टी भोगलीस."

"तुमी ऱ्हावा सायब. मॅडमनी सांगू द्या."

रुक्सार "हो" म्हणाली. बारा दिवस झाले होते.

पावणेअकराला अग्निशमन दलाची गाडी आली. अधिकाऱ्यानं लटकलेल्या भागाकडे पाहिलं.

"वरचा भाग पक्का असेल तर माझी माणसं आत्ता आत जातील. कच्चा असेल तर आधी आधार द्यायचा. दोन तास मोडतील. स्लॅब किती दिवसांचा आहे?"

 देवदत्त रुक्सारकडे बघत होते.

"मॅडम, लवकर सांगा," अधिकारी म्हणाला.

"एकवीस," रुक्सार म्हणाली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना चार जवान स्लॅबखाली शिरले.