गिरणीतला उजेड

"अजून एकदा पुसून घ्या, मथुराबाई. फोटोला उजेड लागतो," आबाराव गुरुजी म्हणाले.

मथुराबाईनं पदर खोचला. बाहत्तरच्या दुष्काळात शेंगा पिकल्या नाहीत आणि सहकारी तेलगिरणी बंद पडली ती पडलीच. शाळा तिथं आपली अडगळ टाकायची. आता बदलून आलेल्या गुरुजींनी तिथं शाळेचा फोटो स्टुडिओ करायचं मनावर घेतलं होतं. परीक्षेच्या फॉर्मवरच्या फोटोसाठी पोरांना कळंबची वारी नको.

मथुराबाईनं मजुरी मागितली नव्हती. तिला फोटो हवा होता. तिची लेक जाई त्याच दुष्काळात, खडीच्या कामावर, हगवणीनं गेली. त्याआधी सुकडी वाटायच्या दिवशी कुणी साहेब आला म्हणून शाळेतल्या पोरींचा फोटो काढला होता. तो मथुराबाईला कधी बघायलाही मिळाला नाही. आताशा जाईचं नाक कसं होतं, तेही तिला नीट आठवेना.

"कोंडीराम फोटोवाला येऊ द्या," गुरुजींनी कबूल केलं होतं. "त्याच्याच वडिलांनी काढलाय. तो देईल."

मग मथुराबाई झटली. भुईवर चिकटलेली पेंड खरवडली, भिंतींना चुना दिला. खिडक्यांच्या बारक्या चौकटी मात्र फुटक्या होत्या. अडगळीत, पोत्यांखाली, काळ्या पडलेल्या काचांची पेटी सापडली. मापही जवळपास बसत होतं. धुऊन घ्या, लिंबाजी सुतार बसवील, असं गुरुजी म्हणाले.

काचांवर गिरणीचा धूर बसला असावा. कढत पाण्यात सोडा टाकून काथ्यानं घासलं की दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटायचा.

एका काचेवर पुसट चित्र होतं. म्हाताऱ्या बायका रांगेनं बसलेल्या. काळी ठिक्कर तोंडं, पांढरे शुभ्र केस. कडेच्या बाईनं डोळ्यांवर आडवा हात धरलेला.

"कुणाची वाट बघती गं बाई?" मथुराबाई हसून पुटपुटली आणि तिच्यावरून काथ्या फिरवला.

लिंबाजीनं काचा बसवल्या. "वैनी, काच हाय का न्हाय, बोट लावून बघावं लागतंय," तो म्हणाला. मथुराबाईला बरं वाटलं.

कोंडीराम आला तो उजेड बघूनच खूश झाला. त्यानं पोरापोरींना बसवून फोटो काढले, आतल्या अंधाऱ्या खोलीत रीळ धुतलं, वाळवलं. मथुराबाई दाराशीच उभी होती.

"माज्या जाईचा फोटू द्या, दादा. दुष्काळातला. रांगंत कडंला बसलीय. म्या तितंच उभी हुते. ऊन लागतंय म्हणून डोळ्यावर हात धरला हुता. तुमच्या वडलांनी दटावलं, पर तिनं काय हात काढला न्हाय."

"मग तर लगीच सापडंल, मावशी. वडील काचंवर फोटो काढायचे. सगळ्या काचा हितंच, शाळंच्या अडगळीत ठिवल्यात." त्यानं नुकत्याच वाळलेल्या रिळाची पट्टी तिच्या हातात दिली. "उजेडाकडं धरून बघा. काचंवर बी असंच उलटं दिसतंय. वळखाया शिका, म्हंजी तुमीच हुडकाल तिला."

मथुराबाईनं पट्टी खिडकीकडं धरली. खिडकीला काच आहे असं वाटतच नव्हतं, इतकी ती लख्ख होती. पट्टीत शाळेच्या पोरी रांगेनं बसल्या होत्या. काळी ठिक्कर तोंडं, पांढरे शुभ्र केस.