सव्वीस जानेवारीची खुर्ची

ग्रामसभेत सरपंचाच्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे सरपंचबाईंचा नवरा बसला होता. सरपंच शेवंता खाली सतरंजीवर, बायकांत. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. कारभार त्याचा, सही तिची. बायकांनी मागितलेला नळही त्याने परस्पर पुढच्या वर्षावर ढकलला होता.

ग्रामसेवकाने वही उघडली, तशी शेवंता उठली.

"भाऊसाहेब, थांबा. आज सव्वीस जानेवारी. आधी संविधानाची उद्देशिका म्हणू."

निवडून यायच्या आधी तिने अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवली होती. पोरं रोज उद्देशिका म्हणायची, आणि चुलीपाशी ती ऐकायची. कागद न बघता तिने सुरुवात केली, "आम्ही, भारताचे लोक..."

उद्देशिका उभं राहूनच म्हणायची, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक. सगळी सभा उठली. नवऱ्यालाही उठावंच लागलं. शेवंता म्हणत म्हणत पुढे आली. 'दर्जाची व संधीची समानता' म्हणताना तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. आवाज कुठेच अडखळला नाही.

उद्देशिका संपली. सगळे बसले. शेवंताही बसली, खुर्चीत.

"भाऊसाहेब, पहिला विषय नळाचा घ्या."

नवरा उभाच. कोणी हसलं नाही. सतरंजीवरच्या गोदामावशींनी तेवढं सरकून त्याला जागा केली.

"बसा की भाऊ. हितनं बी सगळं नीट ऐकू येतं."