विमानाला अडीच तास

"दादा, बाबांचं काही खरं नाही. मिळेल त्या विमानाने ये," बहीण फोनवर रडत म्हणाली.

"निघालोच," तो म्हणाला, आणि दहा मिनिटांत हॉस्पिटलच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला.

दूरच्या शहरातली नोकरी जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून तो गुपचूप परतला होता आणि इथेच, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन काम शोधत होता. आता लगेच वर गेला असता, तर सगळंच उघडं पडलं असतं. त्याने मोबाइलवर पाहिलं. अंतर पंधराशे किलोमीटर, विमानाला अडीच तास, विमानतळाची ये-जा धरून पाच.

तेवढा वेळ तो समोरच्या बसथांब्यावर, हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे बघत बसून राहिला. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेला आणि मन घट्ट करून परत फिरला. बहिणीचे फोन येऊ लागले, तेव्हा त्याने फोनच बंद करून टाकला. विमानात तो बंदच असतो.

पाच तास भरल्यावर तो धापा टाकत वर पोचला. खिडकीजवळच्या खाटेवर चादर ओढलेली होती.

"थोडक्यात चुकामूक झाली रे दादा," बहीण त्याच्या गळ्यात पडून म्हणाली. "शेवटी भ्रमच झाला होता त्यांना. सारखे खिडकीबाहेर हात करून म्हणायचे,



'अगं, तो खाली बसथांब्यावर बसलाय. वर बोलाव त्याला, म्हणावं मी रागावलो नाहीये.'"