गुरुवारचा माणूस

नाव पुकारलं की दोन माणसं उठत होती. एक प्रशिक्षण पुरं केलेला आणि दुसरा त्याचा साहेब. व्यापारी संघाच्या नेतृत्व प्रशिक्षणाची तशी रीतच होती. प्रमाणपत्र पाहुण्यांच्या नाही, आपल्याच कामावरच्या वरिष्ठाच्या हातून घ्यायचं. बँकेतल्या मुलाचा मॅनेजर आला होता. औषध कंपनीतल्या मुलीची साहेबीण तर फुलं घेऊन आली होती.

लिफ्ट कंपनीतल्या तिचं नाव आलं तेव्हा मात्र ती एकटीच उठली. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली होती. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी लगबगीने पुढे होऊन प्रमाणपत्र तिच्या हातात ठेवलं. टाळ्या इतरांपेक्षा जरा जास्तच वाजल्या. कीव आली की लोक जोरात टाळ्या वाजवतात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती तक्रारींचं टेबल सांभाळायची. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली की फोन तिच्याकडे. भिंतीवर लोखंडी फळा, फळ्यावर शहराचा नकाशा आणि नकाशावर प्रत्येक मेकॅनिकचं एकेक रंगीत चुंबक. कोण कुठे आहे आणि कुणाला कुठे धाडायचं, हे ती चुंबकं सरकवत ठरवायची. टेबलाला तिने एकच नियम घातला होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन आपण आधी ठेवायचा नाही. तो बाहेर पडेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं.

दर गुरुवारी ती प्रशिक्षणाला जायची आणि दर गुरुवारी मालक कुरकुरायचे. "जा बाई, हो पुढारी! आम्ही आहोतच इथे खड्डे बुजवायला." कौतुकाचा शब्द काढायला पैसे पडतात, असं मानणारा माणूस. शुक्रवारी येऊन बघावं तर टेबलाचा पार विचका झालेला असे. एकच मेकॅनिक शहराच्या दोन्ही टोकांना पाठवलेला. हिरवं चुंबक तर एकदा नदीच्या मधोमध सापडलं.

"गुरुवारी कुणाला बसवता हो इथे?" तिने विचारलं होतं.

"आहे एक. शिकतोय."

"शिकतोय? साहेब, त्याला पूर्व-पश्चिम कळत नाही! काढून टाका त्याला."

"जरा मंदच आहे," मालक पायाकडे बघत म्हणाले. "बोलतो त्याच्याशी."

बोलतो बोलतो म्हणायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मेकॅनिकांना विचारलं तर ते हातातला पाना असा न्याहाळत, जणू आजच पहिल्यांदा पाहतायत.

समारंभानंतर एका बड्या लिफ्ट कंपनीच्या व्यवस्थापकांनी तिला गाठलं. "आमच्या तक्रार विभागाला प्रमुख हवी आहे. आजचं तुमचं भाषण ऐकलं आणि शोध संपला," ते म्हणाले. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहून हळूच पुढे बोलले, "जिथे आपली किंमत नाही तिथे माणसाने फार दिवस राहू नये. संध्याकाळपर्यंत फोन करा."

संध्याकाळची वाट पाहायची तिला गरज वाटली नाही. आधी मालकांच्या तोंडावर सांगायचं आणि मग लगेच फोन लावायचा. मोबाइल हातातच धरून ती कंपनीत आली. लिफ्टवाल्यांच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! प्रत्येक पायरीवर ती एकच वाक्य घोकत होती. 'साहेब, मी उद्यापासून येणार नाही.'

मालकांची खोली रिकामी होती. आवाज तिच्या टेबलाकडून येत होता.

तिच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, मालक बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा कोट. लग्नाकार्याशिवाय हा कोट तिने कधी पाहिला नव्हता. डोक्यावर तिचा हेडफोन तिरका बसवलेला. टेबलावर पाण्याच्या ग्लासात फुलांचा एक गुच्छ मान टाकून उभा होता. आणि फळ्यावर हिरवं चुंबक पुन्हा नदीत होतं.

"घाबरू नका काकू, मी फोन ठेवत नाही," ते सांगत होते. "पोरगा पोचतोच आहे... नाही हो, मला कसली घाई? जायचं होतं एका ठिकाणी, तयारही झालो होतो. पण आमच्याकडे अडकलेल्या माणसाचा फोन आधी ठेवायची पद्धत नाही. आमच्या मॅडमचा नियम आहे."

तिला सगळे गुरुवार एकदम आठवले. ते सगळे शुक्रवारही आठवले, आणि शरमेने तिचे कान तापले. हसू की रडू, तिला कळेना. या माणसाबद्दल इतकं प्रेम तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

पलीकडून काकूंनी बहुधा मेकॅनिकला इतका उशीर का, असं विचारलं असावं. मालकांनी घसा साफ केला.

"चूक माझीच आहे काकू. त्याला मी चुकून गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. या टेबलावर मी नवीन आहे, अजून शिकतोय. फक्त आमच्या मॅडमना हे सांगू नका, त्या आधीच मला काढून टाका म्हणून मालकांच्या मागे लागल्यात."