नोटिशीचं उत्तर

महिनाभर बोलचाल बंद असलेला गुणवंत मास्तर आपणहून भास्करच्या ओसरीवर येऊन बसला आणि शाळेने धाडलेली नोटीस त्याच्यापुढे धरली.

"नोकरीवर बेतलंय. उत्तर तूच लिहून दे. मला असलं जमत नाही."

निवडणुकीवरून दोघांची जुंपली, तेव्हा पुढाऱ्याची टर उडवणारा मास्तरचा मेसेज भास्करनेच रागाच्या भरात पक्षाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो शाळेच्या अध्यक्षांपर्यंत पोचला होता.

त्याने कोरा कागद घेतला. मास्तर सांगत गेला, तो लिहीत गेला.

"हा मेसेज मी फक्त एका जुन्या मित्राला पाठवला होता."

पेन थांबलं. मान वर करायचं भास्करला धाडस होईना.

"गुणवंता, अरे मी..."

"लिही," मास्तर म्हणाला. आवाजात राग नव्हता. "त्या मित्राचं नाव मी सांगणार नाही. त्याला याच गावात राहायचं आहे."

भास्करने तेही लिहिलं. मास्तरने सही केली, कागदाची घडी खिशात घातली आणि पायऱ्या उतरला. 'चहा घेऊन जा' म्हणायलाही भास्करला तोंड उरलं नव्हतं.