माफीची तालीम

“‘वाईट वाटतं’ म्हण. दहा वेळा म्हण. ‘माझ्यामुळे’ मात्र एकदाही म्हणू नकोस,” डेनिस म्हणाली आणि तिनं कागद रसेलच्या हातात कोंबला.

डेनिस ब्रोझेक ही इस्पितळाची वकील. कागदावरची तिन्ही वाक्यं तिनंच लिहिली होती आणि तिन्हींत कुणीच काही केलेलं नव्हतं.

“मिशिगनचा कायदा दुःखाला संरक्षण देतो, चुकीला नाही. तुला वाईट वाटलं हे कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरता येत नाही. कबुली दिलीस तर येतं. समजलं?”

“आणि नेमकं काय झालं हे त्या बाईंना कळायला हवं असेल तर?”

“ते कळवणं तुझं काम नाही, रसेल. तुझं काम वाईट वाटून घ्यायचं.”

अकरा वाजता हेल्मी कांगस येणार होत्या. त्यांचे यजमान आर्विड नोव्हेंबरात फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. त्याआधी दहाला, त्याच दोनशे चार नंबरच्या खोलीत, तालमीसाठी एक नटी यायची होती. डॉक्टरांना माफी मागता यावी म्हणून इस्पितळानं अशा दोन-तीन नट्या धरून ठेवल्या होत्या. त्या ठरल्याप्रमाणे चिडत, रडत आणि शेवटी डॉक्टरला गुण देत.

डॉ. रसेल हाउताला याला तालमीची गरज होतीच. तो रेडिओलॉजिस्ट होता. तेवीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून तो माणसांच्या आतले फोटो वाचत आला होता. माणूस बाहेरून कसा दिसतो याच्याशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता. पेशंटचे नातेवाईक तर त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

डेनिसचा फोन वाजला म्हणून ती खाली गेली. रसेल एकटाच खोलीत शिरला.

नटी आधीच येऊन बसली होती. सत्तरीची असावी. बर्फाचे बूट दाराशी काढून ठेवलेले, पायांत जाड लोकरी मोजे, मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला वेलचीचा पाव. रसेलला कौतुक वाटलं. इतक्या पैशांत पावही आणतात म्हणजे कमालच होती.

“सुरू करू?” त्यानं विचारलं.

“करा की.”

“मिसेस कांगस, आपल्या दुःखात आम्ही सर्व जण सहभागी आहोत. आर्विड यांचं जाणं आम्हांला...”

“तुम्ही ओळखत होता त्याला?”

“नाही.”

“मग आर्विड, आर्विड काय करताय? माझा सख्खा भाऊ त्याला बेचाळीस वर्षं ‘कांगस’ म्हणत आला. आणि वर बघून बोला हो. कागदाचं कशाला सांत्वन करताय?”

रसेलला हसू आलं. त्यानं कागदाची घडी केली.

“खरं सांगू? अकरा वाजता मी हेच वाचणार आहे. त्या बाईंसमोर दुसरं काही बोललो तर कबुली ठरते. पण ही काय, तालीम आहे. तुमच्यासमोर एकदा खरं बोलून घेऊ?”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ. खिडकीबाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली आणि परत आली.

“बोला,” ती म्हणाली.

“ते बर्फावरून घसरून पडले होते. म्हणून छातीचा फोटो काढला. मला मोडलेली फासळी दिसली. आणि ती सापडल्यावर मी शोधायचं थांबलो. वर, डाव्या टोकाला, वाटाण्याएवढा डाग होता. नंतर पाहिला तेव्हा दोन सेकंदांत दिसला. तेव्हाही दिसला असता. मी तिकडे पाहिलंच नाही. त्या वेळी तो काढता आला असता. माझ्यामुळे त्यांचं दीड वर्ष फुकट गेलं. माझ्यामुळे ते गेले.”

बाईनं पावावरचं फॉइल सारखं केलं.

“तो खोकायचा,” ती म्हणाली. “मी म्हणायचे, फासळीचं निमित्त करून नाटकं करतोस. दीड वर्ष म्हणत होते. डॉक्टरकडे जाऊ या म्हणाला, तर म्हटलं, आधी दारातला बर्फ काढ.”

हे फाइलमध्ये कुठंच नव्हतं. बाईची तयारी जबरदस्त होती.

“यात तुमची चूक नाही,” रसेल म्हणाला. “तुम्ही फासळी म्हणत होता, कारण मी फासळी लिहिलं होतं. फक्त फासळी. हे ओझं तुमचं नाहीच. माझं आहे. द्या इकडे.”

बाई रडायला लागली. ते मात्र तिला नीट जमलं नाही, असं त्याला वाटलं. ना आवाज, ना शब्द. नुसतं नाक लाल झालं आणि खांदे हलत राहिले. रसेलनं टिश्यूचा खोका तिच्यापुढे सरकवला आणि त्यातलेच दोन स्वतःही घेतले.

“कसं झालं?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं. “गुण देता ना तुम्ही?”

“वाचलंत त्याला शून्य,” ती नाक पुसत म्हणाली. “नंतरचं... नंतरचं कुणीतरी सांगायलाच हवं होतं हो.” तिनं पावाचा एक तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. “खा. रात्री झोपत नाही वाटतं तुम्ही. दिसतंय तोंडावर.”

त्यानं घास घेतला आणि डेनिस धापा टाकत आत आली.

“रसेल, घोळ झाला! ती नटी रस्त्यात बर्फात अडकलीय, येत नाही. तुझी तालीम राहिलीच...” तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. आवाज एकदम मऊ झाला. “मिसेस कांगस! लवकर आलात? मग... तुमचं आणि डॉक्टरांचं काही बोलणं झालं का?”

रसेल घास चावायचा थांबला.

“छे हो,” बाई मोज्यांवरच उठली आणि तिनं त्याच्यापुढे हात केला. “आत्ताच येऊन टेकलेत. एक अक्षर बोलले नाहीत अजून.”