थांबायची जागा

उजवा हात थरथरतोय हे कळलं, तर नॅशव्हिलमधला एकही स्टुडिओ आपल्याला गिटार वाजवायला बोलावणार नाही, हे वर्नन पुरतं ओळखून होता. म्हणून त्याने कॉम्प्रेसर पेडल आणलं. ते जोरातला सूर दाबतं आणि बारीकसा आवाजही वर उचलतं. घरी बटण पार शेवटपर्यंत फिरवून वाजवलं, तर सगळे सूर कसे एकसारखे!

आज रेकॉर्डिंगही झकास चाललं होतं. मग गाण्यात थांबायची जागा आली. सगळे थांबले. वर्ननही थांबला, वाजवायची प्लास्टिकची पिक तारांवर टेकवून.

हेडफोनमध्ये टकटक घुमू लागली.

"दार कोण बडवतंय रे?" ड्रमवाला हसला.

घरी वर्ननने वाजवून पाहिलं होतं. थांबून नाही.

गायिका रेलीनने त्याच्या हाताकडे पाहिलं.



"कधीपासून, दादा?"